डॉक्टरांना हे सांगितलंत का? (अपस्माराची लक्षणं ओळखताना)

रानजाई

मी एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संकेतांचा आलेख, काढायचं काम करते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. डोक्यावर मोजून खुणा करायच्या, पेस्ट लावून एकेक तार चिकटवायची, याला बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात पेशंट आणि सोबत आलेली माणसं बोलत असतात. त्या बोलण्यात जे निघतं ते पुष्कळदा केसपेपरवर नसतं. केसपेपरवर असतं, ‘फिट आली, तोंडाला फेस, बेशुद्ध’. आणि इकडे आई सहज सांगते, “सकाळी सकाळी हातातनं वस्तू उडतात त्याच्या. पण ते काय, धांदरटच आहे तो.” मी विचारते, डॉक्टरांना हे सांगितलंत का? “नाही. त्यात काय सांगायचं?”

निदान बऱ्याचदा त्या न सांगितलेल्या गोष्टीत असतं. म्हणून अपस्माराबद्दल, म्हणजे फिट येण्याच्या आजाराबद्दल, हा धागा काढते आहे.

फिट म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. माणूस ओरडून कोसळतो, दातखिळी बसते, डोळे पांढरे होतात, हातपाय झाडतो, कपडे ओले होतात. ही मोठी फिट ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. अडचण बाकीच्या प्रकारांची आहे. मेंदूतल्या पेशींचं काम विजेच्या अगदी बारीक संकेतांवर चालतं. काही क्षण खूपशा पेशी एकदम, एका तालात चेतल्या की फिट येते. कुठल्या भागातल्या पेशी चेतल्या त्यावर बाहेर काय दिसणार हे ठरतं. हात हलवणाऱ्या भागात झालं तर एकच हात उडतो आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. दृष्टीच्या भागात झालं तर रंगीत गोळे दिसतात, मग डोकं दुखतं आणि लोक अर्धशिशीची औषधं घेत बसतात. भाषेच्या भागात झालं तर मिनिटभर शब्दच फुटत नाही.

सगळ्यात जास्त निसटतो तो कानशिलामागच्या भागातून, टेम्पोरल लोबमधून, येणारा प्रकार. पोटातून काहीतरी गोळा छातीकडे, घशाकडे चढतो. अकारण भीती दाटते. कधी जळकट वास येतो, जो शेजारच्याला येत नाही. कधी समोरचं सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं. पुष्कळांना एवढंच होऊन थांबतं, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या, नाहीतर घाबरेपणाच्या गोळ्या घेत राहतात. काहींना पुढे शुद्ध हरपते, पण पडत नाहीत. एका बाईंच्या यजमानांनी सांगितलं होतं, ही ओट्याशी उभी असताना एकदम थांबते, नजर एकाच जागी, तोंडात काही नसताना चघळते, पदराचं टोक चाचपत राहते. हाक मारली तर ओ देत नाही. मिनिटभराने भानावर येते आणि गॅस का बंद केला म्हणून मलाच विचारते. घरात सगळे याला ‘तिची तंद्री’ म्हणायचे. मग एकदा मोठी फिट आली तेव्हा दवाखाना. त्या मोठ्या फिटआधीच्या सगळ्या तंद्र्याही फिट्सच होत्या.

दुसरा निसटणारा प्रकार झोपेतला. एकट्या झोपणाऱ्या माणसाला रात्री फिट आली तर बघणारं कुणी नसतं. सकाळी जीभ कडेला चावलेली, उशीवर रक्ताचा डाग, अंथरूण ओलं, मारल्यासारखं अंग दुखतंय, डोकं जड. मोठ्या माणसाला अंथरूण ओलं झाल्याची लाज वाटते म्हणून तो कुणाला सांगत नाही. कृपा करून सांगा. झोपेत अचानक ओरडणं, सायकल चालवल्यासारखे पाय मारणं, काही सेकंदांत शांत होणं आणि एकाच रात्री हे पुन्हा पुन्हा होणं, हेसुद्धा फिटचं लक्षण असू शकतं. विशेषतः दर वेळी अगदी तसंच होत असेल तर. फिटचा हा स्वभाव लक्षात ठेवा: अचानक सुरू होते, थोडाच वेळ टिकते, आणि एका माणसाची फिट बहुतेक वेळा एकसारखीच असते.

आता एक विनंती. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे. माणसाला सुरक्षित केल्यावर व्हिडिओ घ्या. चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. अंगावरचं पांघरूण बाजूला करा. मान कुठल्या बाजूला वळली, सुरुवात कुठल्या हातापायापासून झाली, डोळे उघडे होते की मिटलेले, घड्याळाप्रमाणे किती वेळ चाललं, नंतर किती वेळाने नीट बोलला, एखादी बाजू लुळी पडली का. तुम्ही टिपलेलं हे सगळं माझ्या मशीनच्या आलेखापेक्षा जास्त बोलतं. मी आलेख काढते तो अर्ध्या-पाऊण तासाचा. त्या वेळेत मेंदू शांत असला तर रिपोर्ट नॉर्मल येतो. अपस्मार असलेल्या कितीतरी जणांचा पहिला ईईजी नॉर्मल असतो. ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काही नाही’ असं समजून गोळ्या बंद करणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे ठासून लिहिते.

आणि उलटही खरं आहे. एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. ताप, साखर खूप उतरणं, रक्तातलं सोडियम कमी होणं, रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडणं, यांनीही फिट येते. असं तात्कालिक कारण नसताना २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट आल्या तर अपस्मार म्हणतात. एकाच फिटनंतरही एमआरआय, ईईजी बघून पुन्हा येण्याची शक्यता बरीच आहे असं दिसलं तर डॉक्टर तेव्हाच निदान करतात. २०१४ पासून व्याख्या अशी आहे.

तुमचे अनुभव, प्रश्न लिहा. मला माहीत असेल तेवढं सांगेन.

---

डोंगरवाट

रानजाई, ‘हातातनं वस्तू उडतात’ वाचून थबकलो. मीच तो.

अकरावीत असल्यापासून सकाळी दात घासताना ब्रश उडायचा. चहाचा कप हिसडल्यासारखा व्हायचा. खांद्यातून एक झटका, की संपलं. शुद्ध जायची नाही. रात्री जागलो की जास्त. होस्टेलवर सबमिशनच्या दिवसांत तर रोज. मित्र म्हणायचे झोप नाही झाली तुझी. मलाही तेच वाटायचं. मग परीक्षेच्या दिवशी सकाळी हे झटके एकामागून एक आले आणि पुढचं आठवत नाही, शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो.

तिथे फिट आली म्हणून गोळी सुरू झाली आणि गंमत नाही सांगत, झटके वाढले. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “सकाळी हातातून काही पडतं का?” गोळी बदलली. तेव्हापासून ठीक आहे. ट्रेकला जातो, पण आदल्या रात्री जागून प्रवास करत नाही, मुक्कामी जातो.

---

रानजाई

डोंगरवाट, इतकं नीट लिहिलंत, आभार. याला जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. साधारण वयात येताना सुरू होते. उठल्यावर पहिल्या तासाभरात झटके, जागरणाने आणि दारूने वाढतात. तुमच्याबाबतीत जे झालं ते पुस्तकात शोभेल असं आहे: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी काही औषधं इतर प्रकारांत उत्तम चालतात, या प्रकारात मात्र झटके वाढवू शकतात. म्हणून ब्रश उडतो ही बारीकशी गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवी. या प्रकारात गोळ्या बहुधा बरीच वर्षं, पुष्कळांना कायमच्या लागतात. बरं वाटतंय म्हणून मनाने सोडू नका.

एक खुलासा, नाहीतर आज रात्री सगळे घाबरतील. झोप लागता लागता अंगाला एकदम हिसका बसतो, जिन्यावरून पाय घसरल्यासारखं वाटतं, ते पुष्कळांना होतं. त्यात काही आजार नाही.

---

वाचनवेडा

वाचनखूण साठवली. शाळेच्या ग्रुपवर लिंक टाकतोय.

---

गावाकडचा

चांगला धागा. पण एक सांगतो, आमच्याकडे फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरतात, नाहीतर चामड्याची चप्पल, नाहीतर हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि माणूस शुद्धीवर येतो हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. हे सगळं अगदीच खोटं कसं म्हणायचं?

---

शिरीष_बालरोगतज्ज्ञ

गावाकडचा, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. माणूस शुद्धीवर आला. फक्त कारण वेगळं. बहुतेक फिट्स २-३ मिनिटांत आपल्याआपण थांबतात. कांदा आणून फोडेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. काही नसतं केलं तरी तो तेव्हाच उठला असता.

कांद्याने थेट इजा होत नाही, पण त्या धावपळीत जे करायला हवं ते राहून जातं. ते असं. आसपासचं टोकदार, गरम सामान दूर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ. चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सैल करा. माणसाला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. घड्याळ बघा. झटके देणारे हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळतो, हाड मोडतं. आणि तोंडात काहीही घालू नका: चमचा नको, बोट नको, पाणी नको, गोळी नको. दातखिळी उघडायच्या नादात पेशंटचे दात पडलेले आणि मदत करणाऱ्याची बोटं चावली गेलेली मी बघितली आहेत. जीभ गिळली जात नाही, ती भीती मनातून काढून टाका.

५ मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा, थांबू नका. पहिल्यांदाच आली असेल, बाई गरोदर असेल, मधुमेह असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला मार लागला असेल, तरीही लगेच न्या. ज्यांना फिट लांबते हे माहीत आहे त्यांनी फिट थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवावा आणि घरातल्या दोघांनी तरी तो वापरायला शिकून घ्यावा.

---

चाफेकळी

माझी मुलगी तिसरीत आहे. बाईंनी वहीत शेरा लिहिला, ‘लक्ष नसते, शून्यात पाहते’. घरी मीही बघते, गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबते आणि मग पुढचं वाक्य बोलते. शुद्धलेखनात मधले शब्द गाळलेले असतात. अभ्यासात आधी चांगली होती. हे लक्ष नसणं की दुसरं काही, कसं ओळखायचं? हा धागा वाचल्यापासून पोटात कालवाकालव होतेय.

---

शिरीष_बालरोगतज्ज्ञ

ताई, घाबरू नका, पण दाखवून घ्या. दोन्हींत फरक असा दिसतो. मूल कंटाळून शून्यात बघत असेल तर हाक मारली, हात लावला की भानावर येतं, आणि ते बहुधा कंटाळवाण्या वेळीच होतं. ॲबसेन्स फिट असेल तर खेळताना, जेवताना, बोलतानाही मध्येच येते. ५ ते २० सेकंद. हात लावला तरी प्रतिसाद नाही. पापण्या किंचित फडफडतात. मग दिवा लावल्यासारखं मूल पुन्हा सुरू होतं, मधला वेळ गेला हे त्याला कळतही नाही. दिवसातून कितीही वेळा येऊ शकते. साधारण ४ ते १० या वयात सुरू होते. तुम्ही लिहिलेलं, वाक्य मध्येच थांबणं आणि शुद्धलेखनातले गाळलेले शब्द, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

रानजाई

चाफेकळी, ईईजीला बोलावतील तेव्हासाठी. आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात लावू नका, नाहीतर तार चिकटत नाही. उपाशी आणू नका. रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवायला सांगतील, म्हणजे आमच्याकडे आल्यावर झोप लागते. जागरण आणि झोप या दोन्हींत दोष जास्त सापडतो. तिला आधी सांगून ठेवा की यात शॉक देत नाहीत, सुई नाही. आम्ही मेंदूतून काही घेत नाही की आत काही सोडत नाही, फक्त टिपतो. मुलं या भीतीनेच रडतात.

---

मिरजेची_माई

आमच्या घरची गोष्ट. यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला, त्यातून सावरले. नंतर मधूनच असं व्हायचं की बोलता बोलता बघत राहायचे, काहीतरी असंबद्ध पुटपुटायचे, आणि मग तासभर गोंधळलेले. आज वार कुठला, जेवलो का, काही सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एकदम चांगले. सगळे म्हणाले वय झालं, विसरभोळेपणा सुरू झाला. सुनेने व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले या फिट्स आहेत. लहानशी गोळी चालू आहे, आता वर्तमानपत्र पुन्हा शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

---

रानजाई

माई, हे फार मोलाचं लिहिलंत. अपस्मार मुलांचा आजार असा समज आहे. प्रत्यक्षात साठीनंतर नव्याने सुरू होणाऱ्यांचं प्रमाण पुन्हा वाढतं, आणि त्यात मेंदूतला रक्तस्राव किंवा गुठळी हे मोठं कारण. खरा स्मृतिभ्रंश हळूहळू वाढत जातो. ‘काल गोंधळ, आज एकदम चांगले’ असं येऊन-जाऊन असेल तर फिटचा विचार व्हायला हवा. आणखी एक, मोठ्या फिटनंतर काही वेळ हात-पाय लुळा पडू शकतो, तो परत येतो. पण ते नवीन अर्धांग आहे की नाही हे घरी ठरवत बसू नका.

---

नवीआई_नाशिक

बाळ सहा महिन्यांचं आहे. झोपेतून उठल्यावर मान खाली आणि दोन्ही हात पुढे, नमस्कार केल्यासारखं करतो. एकदा, मग काही सेकंदांनी पुन्हा, असं दहा-बारा वेळा. मग रडतो. सासूबाई म्हणतात पोटात वात धरतोय, ओवा-हिंगाचं पाणी लावा. हसायचाही कमी झालाय गेल्या काही दिवसांत. इथे विचारावंसं वाटलं.

---

शिरीष_बालरोगतज्ज्ञ

ताई, उद्यावर टाकू नका. आज व्हिडिओ घ्या आणि आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा, जमलं तर जिथे ईईजी होतो अशा ठिकाणी. पोटदुखीत बाळ पाय पोटाशी घेऊन सलग रडतं. तुम्ही लिहिता तसे, उठल्यावर, ओळीने येणारे, मान झुकवणारे हिसके आणि त्याबरोबर हसणं-बघणं कमी होणं, हे इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळांना येणाऱ्या फिटचा एक प्रकार, असण्याची शक्यता आहे. १८४१ साली विल्यम वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःच्या मुलाची ही लक्षणं वैद्यकीय नियतकालिकाला लिहून कळवली होती, पुढे त्यांचंच नाव या आजाराला मिळालं. त्यांच्याकडे तेव्हा उपाय नव्हता. आज आहे, पण लवकर सुरू केला तर बाळाच्या वाढीचं नुकसान कमी होतं. इथे दिवस मोजले जातात. काय झालं ते कळवा.

---

नवीआई_नाशिक

निघालोच आहोत.

---

बेळगावकर

कर्नाटकाकडच्या लोकांनी एक लक्षात ठेवा. डोक्यावरून कढत पाणी ओतून न्हाताना फिट येण्याचा प्रकार आहे, दक्षिण भारतात तो जास्त आढळतो. आमच्या नात्यातला मुलगा रविवारी न्हाणीघरातच ‘भोवळ’ येऊन पडायचा. डॉक्टरांनी पाणी कोमट करायला आणि डोक्यावरून एकदम न ओतता आधी अंगावर घ्यायला सांगितलं, सोबत औषध. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही हा नियम तर सगळ्याच फिटवाल्यांसाठी.

---

सुरंगी

भोवळ आणि फिट यातला फरक कुणी सांगेल का? माझी पुतणी रक्त तपासायला दिलं की पडते. मागच्या वेळी हातपायही थोडे उडाले. लॅबवाला म्हणाला फिट आहे, घरात सगळे हादरलेत.

---

रानजाई

सुरंगीताई, पडायच्या आधी काय होतं ते पुतणीलाच विचारा. डोळ्यांसमोर अंधारी, कानात गुंई, घाम, मळमळ, चेहरा पांढराफटक, आणि जमिनीवर आडवं झाल्यावर मिनिटभरात पूर्ण भानावर, तर ती बहुधा साधी भोवळ. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं की हातपाय थोडे उडतात, तेवढ्यावरून फिट ठरत नाही. फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, ओठ निळसर पडतात, झटके मिनिट-दोन मिनिटं चालतात, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर बराच वेळ गोंधळ, गाढ झोप. पण व्यायाम करताना, धावताना भोवळ आली, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हृदयाची तपासणी आधी.

डोळे घट्ट मिटलेले, बराच वेळ कमी-जास्त होत चालणारी थरथर, मान नाही म्हटल्यासारखी हलणं, असेही झटके असतात. ते मनावरच्या ताणातून येतात, आणि ती व्यक्ती नाटक करत नसते. तिलाही उपचार लागतात, फक्त वेगळे. कृपया कुणाला ‘सोंग करते’ म्हणू नका.

---

शाकाहारी_पुणेकर

माझ्या भावाला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत किड्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले डुकराच्या मांसातला किडा. आमच्या घरात अंडंही शिजत नाही! रिपोर्ट बदलला तर नसेल?

---

शिरीष_बालरोगतज्ज्ञ

रिपोर्ट बदलायची गरज नाही. हा प्रश्न मला शाकाहारी घरांतून सारखा येतो. मांस खाऊन पोटात टेपवर्म होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या किड्याच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ज्याच्या पोटात किडा आहे त्याच्या विष्ठेतून. न धुतलेली कोथिंबीर, कोबी, दूषित पाणी, न धुतलेले हात. न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, आणि आपल्या देशात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. उपचार होतात. जंताची गोळी मात्र मनाने देऊ नका. किडे मरताना सूज येऊन फिट वाढू शकते, म्हणून सोबत स्टेरॉइड आणि फिटची गोळी देतात.

---

कोकणकन्या

आमच्या वाडीत अजून ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून भगताकडे नेतात, विशेषतः रात्री ओरडून उठणाऱ्यांना. मुलगी असेल तर दुहेरी लपवाछपवी, कारण लग्न. माझ्या भाचीचं स्थळ बघताहेत, गोळ्या चालू आहेत, फिट बरीच वर्षं नाही. सांगायचं की नाही यावर घरात भांडणं. कायद्यात अडचण येते का?

---

रानजाई

कायद्यात अडचण नाही. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पण लपवू नका असंच मी सांगेन. लपवलेल्या आजाराच्या गोळ्या सासरी लपून घ्याव्या लागतात, मग चुकतात, मग फिट येते. पुण्यात संवेदना फाऊंडेशनने अपस्मार असलेल्यांसाठी स्वमदत गट आणि विवाह मंडळही चालवलं आहे, चौकशी करा.

भाचीसाठी यापेक्षा महत्त्वाचं: लग्नाआधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं. तिचं औषध ते असेल तर बदल आधीच करायचा असतो, दिवस राहिल्यावर घाईने नाही. फॉलिक ॲसिडही आधीपासून. गोळी अचानक बंद करणं सगळ्यात धोक्याचं.

भगताकडे जाणाऱ्यांशी वाद घालून मला कधी यश आलेलं नाही. तिकडे जायचं तर जा, पण गोळी चुकवू नका, एवढंच सांगते, आणि ते ऐकतात.

---

डोंगरवाट

लग्नाच्या विषयात भर. नीट औषध मिळालं तर १० पैकी साधारण ७ जणांच्या फिट थांबू शकतात, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरच्यांचे चेहरे बदलले. क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्सला अपस्मार आहे हेही तेव्हाच कळलं. पॉइंटला झेपावणारा तो माणूस लहानपणापासून ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं काही पटवावं लागत नाही. गाडी मात्र मी चालवत नाही. लायसनच्या अर्जात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि खोटं लिहून दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचं नाही.

---

नवीआई_नाशिक

ईईजी झाला. डॉक्टर म्हणाले तेच निघालं. ॲडमिट आहोत, इंजेक्शन सुरू झालंय. सविस्तर नंतर लिहीन. शिरीषदादा, रानजाईताई, खरंच.

---

शिरीष_बालरोगतज्ज्ञ

वेळेत गेलात. इंजेक्शनच्या काळात रक्तदाब आणि साखर तपासत राहतील, बाळ चिडचिडं होईल, भूक वाढेल. ते अपेक्षित आहे. हिसके किती आले याची वही ठेवा, आणि लसींबद्दल त्यांना विचारूनच ठरवा.

---

चाफेकळी

माझंही सांगते. डॉक्टरांनी मुलीच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि सांगितलं, थांबू नकोस, फुंकत राहा. दीड-दोन मिनिटं फुंकली असेल, आणि भिरभिरं थांबलं. ती बघत राहिली, पापण्या फडफडल्या. मग पुन्हा फुंकायला लागली. डॉक्टर म्हणाले, हीच ती. ईईजीतही आलं. औषध सुरू केलंय. एकच काळजी, शाळेत सांगावं का? पोहायला पाठवावं का? मुलं चिडवतील का?

---

रानजाई

भिरभिऱ्याची युक्ती आम्हीही वापरतो, जोरजोरात श्वास घेतला की ॲबसेन्स फिट उमटते. आलेखात सेकंदाला ३ च्या लयीत काटेरी लाटा येतात, एकदा पाहिल्या की विसरत नाही.

शाळेत सांगाच. ज्या बाईंनी शेरा लिहिला त्यांना आधी भेटा, त्यांच्यामुळेच तर कळलं. एका कागदावर लिहून द्या: नाव, फिट कशी दिसते, किती सेकंद, तेव्हा रागवायचं नाही, सुटलेली ओळ पुन्हा सांगायची, मोठी फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८, तुमचे दोन फोन नंबर. वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही सोप्या शब्दांत सांगून ठेवा. ज्या मुलांना माहीत असतं ती चिडवत नाहीत, सांभाळतात, असं मला तरी दिसलंय.

पोहणं फिट आटोक्यात येईपर्यंत थांबवा. नंतर डॉक्टरांना विचारून, पाण्यात सोबत मोठं माणूस असेल तरच. रस्त्यावरची सायकलही तोवर नको. बाकी खेळ, सहल, नाच, सगळं करू द्या. या प्रकारातल्या पुष्कळ मुलांच्या फिट वयात येताना थांबतात. साधारण दोन वर्षं फिट नसली की गोळ्या कमी करायचा विचार डॉक्टर करतात. पुढच्या ईईजीला याल तेव्हा तिची शुद्धलेखनाची वही सोबत आणा. जुनी आणि नवी, दोन्ही. डॉक्टरांना दाखवा.